गृहस्थाश्रमातील सेवक : फ्रेडरिक ओझानाम

साधुसंतांची चरित्रे वाचून झाल्यावर संसारी माणसाच्या मनात बहुधा एकच विचार येतो, तो हा की, हे सर्व थोर खरे, परंतु आपल्या उपयोगाचे नव्हे. कोणी राजवाडा सोडून निघाला, कोणी मठात शिरला, कोणी अरण्यात जाऊन बसला. ज्यास पहाटे उठून कामावर जावयाचे आहे, मुलांची फी भरावयाची आहे आणि म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी पाहावयाचे आहे, त्याने ह्यांतून काय घ्यावे? आम्ही शिक्षक वर्गात अशाच कथा मोठ्या उत्साहाने सांगतो. मुले त्या ऐकून घरी जातात. तेथे बाप धानाच्या गिरणीतून दमून आलेला असतो, आई चुलीपुढे बसलेली असते, आणि संतांचा मार्ग व आपले घर ह्यांचा परस्परांशी काही संबंध नाही असे त्यांच्या कोवळ्या मनास वाटू लागते.

वस्तुतः आपल्या महाराष्ट्रास ही समजूत शोभणारी नाही. पैठणचे एकनाथमहाराज बायकामुलांत राहून संत झाले. देहूच्या तुकोबांच्याही मागे संसार होता. ख्रिस्ती मंडळीतही असे गृहस्थ होऊन गेले. परंतु त्यांची नावे आपल्या मुलांच्या कानी क्वचितच पडतात. म्हणून ह्या वर्षीच्या अंकात अशाच एका गृहस्थाचे पुण्यस्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे. ते धर्मगुरू नव्हते, ब्रह्मचारी नव्हते. ते पती होते, एका मुलीचे पिता होते, आणि विशेष आनंदाची गोष्ट म्हणजे ते आमच्याच व्यवसायातले, म्हणजे शिक्षक होते. त्यांचे नाव फ्रेडरिक ओझानाम.

आमचा त्यांच्याशी परिचय झाला तो मिशनच्या वसतिगृहात. आम्ही पदवीच्या वर्गात असता एका वृद्ध धर्मगुरूंनी त्यांचे एक लहानसे चरित्र आमच्या हाती दिले आणि, “हे पुस्तक तुम्हांस आज आवडेल, परंतु लग्न झाल्यावर समजेल,” असे हसत सांगितले. त्यांच्या बोलण्याचा अर्थ पुढे मुर्रीस बिऱ्हाड केल्यावर आमच्या ध्यानी आला. तो कसा, हे पुढे येईलच. प्रथम चरित्र पाहू.

फ्रेडरिक ह्यांचा जन्म 23 एप्रिल 1813 रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. कुळ फ्रान्स देशातील लियों येथले. वडील आधी नेपोलियनच्या सैन्यात शिपाई होते. पुढे त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला आणि ते डॉक्टर झाले. 1816 साली कुटुंब लियोंस परत आले. आईच्या पोटी चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी तिघे भाऊ तेवढे वाढून मोठे झाले. ज्या थोरल्या बहिणीने फ्रेडरिक ह्यांस पहिली अक्षरे शिकविली, ती एलिझा 1820 साली एकोणिसाव्या वर्षी वारली. ज्या घरात मृत्यू इतक्या वेळा येऊन गेला, त्या घराने दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविली असती तरी जगाने दोष दिला नसता. परंतु त्या घरी झाले ते उलटे.

वडील गरीब रोग्यांकडून पैसे घेत नसत, आणि आई आजारी मजूर स्त्रियांच्या उशाशी जाऊन बसत असे. ह्या दांपत्याविषयी एक गोड गोष्ट सांगतात. लियोंची घरे उंच, जिने अंधारे आणि उभे. गरिबांस सर्वांत वरचा मजला मिळावयाचा, कारण त्याचे भाडे कमी. वय झाल्यावर नवराबायकोंनी एकमेकांस वचन दिले की, ह्यापुढे चौथ्या मजल्यावर चढावयाचे नाही. एके दिवशी आईस एका दुखणाईताची वर्दी आली. नवरा घरी नाही असे पाहून ती हळूच त्या घरी गेली, धापा टाकीत अगदी वरपर्यंत चढली, आणि दार उघडते तो आत तिचे यजमान रोग्याची नाडी पाहत बसलेले! दोघांनीही वचन मोडले होते, आणि रागवावयाचे कोणी कोणावर? पुढे 1837 साली अशाच एका गरिबाकडे गेले असता जिन्यावरून पडून वडिलांचा अंत झाला. मुलाने सेवेचा पहिला धडा शिकला तो आपल्याच घरी. आईबाप हो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम तुमच्यासाठी लिहिली आहे.

फ्रेडरिक ह्यांची श्रद्धा त्यांस वडिलोपार्जित शेताप्रमाणे सहज मिळाली असे मात्र कोणी समजू नये. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे मन शंकांनी इतके ग्रासले की त्यांस झोप येईना. अशा वेळी नॉयरो नावाच्या एका धर्मगुरूंनी, जे त्यांस तत्त्वज्ञान शिकवीत, त्यांस हाताशी धरले. त्यांनी शिष्याच्या शंका दडपल्या नाहीत. ते त्यास घेऊन लांब फिरावयास जात आणि बोलत. मुलाने ठरविले की, हे मळभ गेले तर आपले आयुष्य सत्याच्या सेवेस वाहावयाचे. मळभ गेले, आणि ते वचन त्याने पाळले. आमच्या शिक्षकबंधूंनी ह्या नॉयरोसाहेबांची आठवण ठेवावी. ओझानामांचे नाव आज जग घेते. ज्याने त्यांस सावरले त्याचे घेणारे थोडे.

1831 साली कायद्याच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला आले. तेथे त्यांस राहावयास जागा मिळाली ती आंद्रे-मारी अँपिअर ह्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञांच्या घरी. विद्यार्थीमित्रहो, विजेच्या प्रवाहाचे माप तुम्ही ज्या नावाने मोजता तेच हे अँपिअर. त्यांच्या घरी ओझानाम सुमारे दीड वर्ष राहिले. त्या काळी पॅरिसच्या विद्वानांत धर्म हा म्हाताऱ्याकोताऱ्यांचा विषय समजला जात असे. एके दिवशी उदास मनाने हा तरुण संत एतियेनच्या देवळात शिरला, तो एका कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ गुडघे टेकून जपमाळ ओढीत असलेले दिसले. जवळ जाऊन पाहतो तो ते अँपिअर! त्या एका दर्शनाने आपणांस सर्व ग्रंथांहून व सर्व प्रवचनांहून अधिक बळ दिले, असे ओझानाम पुढे सांगत.

त्याच सुमारास, 1832 साली, पॅरिसमध्ये पटकीची भयंकर साथ आली आणि हजारो माणसे दगावली. त्यांत गरिबांच्या वस्त्यांची दशा सर्वांत वाईट. विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात ओझानाम व त्यांचे मित्र धर्माची बाजू मांडीत असत. त्या सभेत एका प्रतिपक्षी विद्यार्थ्याने उभे राहून प्रश्न केला की, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली हे आम्हांस मान्य आहे, परंतु आज तुम्ही काय करीत आहां? ते दाखवा. ओझानामांपाशी वादाचे उत्तर होते. ते बुद्धिमान होते, इतिहास त्यांस पाठ होता. परंतु त्यांनी ओळखले की ह्या प्रश्नाचे उत्तर जिभेने द्यावयाचे नाही. त्या रात्री ते व त्यांचा मित्र ल तायांदिये ह्यांनी स्वतःच्या खोलीत थंडीसाठी साठविलेली लाकडे उचलून एका गरिबाच्या घरी नेऊन टाकली. पुढे जगभर पसरलेल्या कार्याचा आरंभ हा असा एका मोळीने झाला.

23 एप्रिल 1833 रोजी, म्हणजे ओझानामांच्या विसाव्या वाढदिवशी, काही विद्यार्थी एमॅन्युएल बेयी ह्या वर्तमानपत्रकर्त्या गृहस्थांच्या कचेरीत जमले. बेयी ह्यांस वयाने वडील म्हणून अध्यक्ष केले. ह्या मंडळीने संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांस आपले आश्रयदाते मानिले आणि पुढे त्यांच्या नावानेच संस्था प्रसिद्ध झाली. उत्साह पुष्कळ, परंतु अनुभव मुळीच नाही, अशी ह्या तरुणांची स्थिती होती. त्यांस शिकविले सिस्टर रोझाली ह्या सेवाव्रती भगिनीने. मुफतार नावाच्या दरिद्री वस्तीत ती वर्षानुवर्षे राबत होती. तिने ह्या मुलांस घरांचे पत्ते दिले, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबाच्या दारात कसे उभे राहावे तेही सांगितले.

त्यांच्या कामाची रीत अगदी साधी होती व आजही तीच आहे. आठवड्यातून एकदा सभासदांनी जमावे, प्रार्थना करावी, झालेल्या भेटींचा वृत्तान्त सांगावा, आणि गुप्त थैली फिरवावी, तीत कोणी किती टाकले हे कोणासही कळू नये. मग दोघादोघांनी मिळून ठरलेल्या घरी स्वतः जावे. मदत दुसऱ्याच्या हाती पाठवावयाची नाही. गरिबाची जात वा धर्म विचारावयाचा नाही. घरी गेल्यावर टोपी काढून बोलावे, बसा म्हटल्यावर बसावे, आणि उपदेशाची घाई करू नये. ओझानाम स्वतः दारात नमस्कार करून आपण आपले सेवक आहो असे म्हणत. त्यांच्या मते ह्या भेटींत शिष्य होता तो भेटणारा. बायबल पुस्तकात वाचावयाचे, आणि प्रभूच्या जखमा गरिबाच्या अंगावर पाहावयाच्या, अशी त्यांची भावना होती.

ह्या सेवेपायी त्यांनी आपला धंदा मागे टाकला असे मात्र झाले नाही. 1836 साली ते कायद्याचे, व 1839 साली साहित्याचे पंडित झाले. दुसऱ्या प्रबंधाचा विषय इटलीचा महाकवी दान्ते हा होता. लियोंस काही काळ त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. 1840 साली पॅरिसमधील मोठ्या स्पर्धापरीक्षेत ते पहिले आले, सॉरबॉन विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली, आणि 1844 साली ते तेथे परदेशी साहित्याचे मुख्य प्राध्यापक झाले. व्याख्यानाची तयारी ते अतिशय कसोशीने करीत आणि वर्गात जाण्यापूर्वी गुडघे टेकून प्रार्थना करीत. 1852 साली ते आजारी असता, प्राध्यापक पगार घेतात आणि शिकवीत नाहीत अशी विद्यार्थ्यांनी ओरड चालविल्याचे त्यांच्या कानी आले. वैद्य नको म्हणत असता ते अंथरुणातून उठले, वर्गात गेले आणि शिकविले. त्यांचा पांढराफटक चेहरा पाहून तीच मुले खजील झाली. ते त्यांचे शेवटचे व्याख्यान.

आता त्यांच्या घरात डोकावू. 23 जून 1841 रोजी लियोंच्या सें निझिए देवळात त्यांचा विवाह आमेली सुलाक्रवा ह्यांच्याशी झाला. लग्न थोरल्या भावाने, आल्फोन्सने, लाविले. तो धर्मगुरू होता. त्यांचे मित्र लाकोर्देर हे प्रसिद्ध प्रवचनकार संन्यासी. ओझानामांनी धर्मगुरू व्हावे अशी त्यांची इच्छा होती, म्हणून लग्नाची वार्ता ऐकून, बिचारे सापळ्यात सापडले, असे ते म्हणाल्याचे सांगतात. ही गोष्ट पोपमहाशयांच्या कानी गेली तेव्हा ते हसून उत्तरले की, प्रभूने सात संस्कार स्थापिले असे आम्ही समजत होतो. सहा संस्कार आणि एक सापळा, हे आम्हांस नवे आहे!

ओझानामांनी ह्या संस्काराचा मान शेवटपर्यंत राखला. त्यांचे लग्न तेविसाव्या तारखेस झाले होते. म्हणून दर महिन्याच्या तेविसाव्या तारखेस ते पत्नीस फुले आणून देत. अंथरुणास खिळले तेव्हाही हा नेम चुकला नाही. 1845 साली त्यांस मुलगी झाली. तिचे नाव मारी ठेविले. तिच्यावर त्यांचा फार जीव.

वर्षप्रतिपदेची एक हकीकत आम्हांस ह्या चरित्रात सर्वांत प्रिय आहे. त्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबास गरिबीमुळे आपली खणांची पेटी गहाण टाकावी लागली होती. पूर्वीच्या बऱ्या दिवसांची तेवढीच एक खूण त्या घरी उरली होती. ती सोडवून आणून नववर्षाची भेट द्यावी असे ओझानामांच्या मनात आले. पत्नीने व्यवहाराची अडचण दाखविली, आणि त्यांनीही ते मानिले. सायंकाळी घर नातलगांच्या भेटींनी व मारीच्या खेळण्यांनी भरले होते; परंतु ते गप्प होते आणि मिठाईस हात लावीनात. पत्नीने कारण विचारले. त्या पेटीची आठवण येते, असे त्यांनी सांगितले. तेव्हा तिनेच त्यांस लगेच जाण्यास सांगितले. ते गेले, पेटी सोडवून त्या घरी पोहोचती केली, आणि मग आनंदाने परत आले. ह्या गोष्टीत पत्नी प्रथम नको म्हणते, तो ते आदराने ऐकतो, आणि शेवटी जा म्हणणारीही तीच. घरच्या माणसांस टाकून दान करणे त्यांस ठाऊक नव्हते. घरासकट ते देत.

केवळ भाकरी देऊन थांबणारे मात्र ते नव्हते. लियोंच्या रेशीम विणकरांनी 1831 व 1834 साली पोटासाठी बंडे केली. ती जखम त्यांनी जवळून पाहिली होती. मजुराची मजुरी एवढी असावी की तीत त्याचे पोट भरावे, मुलांचे शिक्षण व्हावे आणि म्हातारपणी आधार राहावा, असे त्यांनी लियोंच्या आपल्या व्याख्यानांत सांगितले. पोप तेरावे लिओ ह्यांचे कामगारांविषयीचे प्रसिद्ध पत्र 1891 सालचे. ओझानाम हे सुमारे पन्नास वर्षे आधी बोलत होते. वाटेत लुटलेल्या माणसाच्या जखमांवर तेल ओतणे हे दयेचे काम, परंतु वाटमारीच होऊ न देणे हे न्यायाचे काम, असे ते म्हणत.

1848 साल उजाडले. आपल्याकडे त्याच साली पुण्यास जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढिली. फ्रान्सात राज्यक्रांती झाली. ओझानामांनी मित्रांसह एक वर्तमानपत्र काढिले व गरिबांची बाजू मांडली. त्यामुळे अनेक सुखवस्तू धर्मबांधवांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. जून महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांत मजूर आणि सैन्य ह्यांच्यात रक्तपात सुरू झाला. तेव्हा ओझानाम व त्यांचे दोन मित्र आर्चबिशप आफ्र ह्यांच्याकडे गेले आणि आपण मध्यस्थी करावी अशी त्यांनी विनंती केली. आर्चबिशप 25 जून रोजी मोर्च्यावर चढले, त्यांस गोळी लागली, आणि दोन दिवसांनी त्यांनी प्राण सोडिला. ते दुःख ओझानाम ह्यांच्या मनात खोल राहिले. तरीही पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये पटकी आली तेव्हा त्यांचे सभासद घरोघर रोग्यांची सेवा करीत होते.

एवढ्या श्रमांनी शरीर झिजले. मूत्रपिंडांचा विकार जडला. हवापालटासाठी ते पत्नी व मुलीस घेऊन इटलीस गेले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आपल्या देशातील पहिली उतारूंची आगगाडी धावली. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, 23 एप्रिलला, आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी ओझानामांनी पिसा येथे मृत्युपत्र लिहिले. बायको तरुण, मुलगी आठही वर्षांची नाही, मोठा ग्रंथ अपुरा, आणि मृत्यू समोर. अशा वेळी त्यांनी जे होते ते सर्व देवाच्या स्वाधीन केले. मायदेशी परतताना मार्सेय बंदरात 8 सप्टेंबर 1853 रोजी, मरियामातेच्या जन्मसणाच्या दिवशी, त्यांनी देह ठेविला. पॅरिसच्या कार्म देवळातील तळघरात त्यांची समाधी आहे. पत्नी आमेली त्यांच्यामागे चाळीस वर्षांहून अधिक काळ जगल्या व 1894 साली वारल्या. 22 ऑगस्ट 1997 रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरात, जगभरच्या तरुणांच्या मेळ्याच्या वेळी, त्यांस धन्यवादित घोषित केले. त्यांच्या संस्थेचे कार्य आज सुमारे दीडशे देशांत चालते.

ह्या जागी आम्हांस आपल्या बाळशास्त्री जांभेकरांची आठवण येते. ते 1812 साली जन्मले, 1832 साली त्यांनी ‘दर्पण’ काढिले, आणि 1846 साली वारले. एक मुंबईत, एक पॅरिसमध्ये. दोघेही प्राध्यापक, दोघेही वर्तमानपत्रकर्ते, आणि दोघांसही आयुष्य थोडे मिळाले. ज्यास काम करावयाचे त्यास अवधी लागत नाही. आणि, पुढे निवृत्त झाल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्यास तो कधीच पुरत नाही.

हे सर्व दूरच्या देशातले व दूरच्या काळातले झाले. आता आमच्या मुर्रीची गोष्ट. आमचे गाव गोंदिया शहरास लागून. भोवताली धानाच्या बांध्या, शहरात भाताच्या गिरण्या, आणि अनेक घरी बायका विड्या वळतात. मृग लागला, पऱ्हे तयार झाले, आणि रोवणीस सुरुवात झाली की वर्गातील बाके रिकामी होऊ लागतात, हे इकडील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक हुशार मुलगा रोवणी संपल्यावरही येईना. चार जणांकडून निरोप धाडले, पण उत्तर नाही. ओझानामांची रीत आठवून आम्ही एका रविवारी उपासनेनंतर त्याच्या घरी जावयास निघालो.

त्या दिवशी घरी थोडी कुरबुर झाली, ती सांगणे अवश्य आहे. पत्नी म्हणाली, “सहा दिवस शाळा, सातवा दिवस देवळाचा, आणि उरलेली दुपार तुम्ही गावास देणार, मग ह्या घरच्या लेकरांनी आपल्या बापास कधी पाहावे?” प्रश्न रास्त होता. ज्या सेवेचे मोल घरच्या माणसांस न विचारता त्यांच्याकडूनच वसूल होते, ती सेवा पुष्कळदा मानाची हौस असते. ओझानामांच्या त्या खणांच्या पेटीची गोष्ट आम्ही तिला सांगितली. ती थोडा वेळ उगी राहिली, आणि मग, “दोघादोघांनी जावयाचे ना? मग दुसरी मीच,” असे म्हणून पायात चपला घालून उभी राहिली. धाकटी मुलगीही निघाली.

घरी तो मुलगा आणि त्याची आजी, एवढीच माणसे. आईबाप कामासाठी परमुलखी गेलेले. आजी जन्मभर विड्या वळत आलेली. आम्ही अभ्यासाविषयी बोलत होतो, तो आमच्या पत्नीचे लक्ष आजीच्या हातांकडे गेले. पाने कातरताना ती डोळ्यांपाशी अगदी जवळ धरी, आणि दोरा बांधताना बोटांनी चाचपडे. हळूहळू विचारता खरी गोष्ट बाहेर आली. आजीस दिसेनासे झाले होते. विड्या वेड्यावाकड्या होऊ लागल्या. ठेकेदार त्या खराब म्हणून बाजूस टाकी आणि हजारामागे मिळणारी मजुरी कापी. म्हणून नातू रात्री पाने कातरून देई, दिवसा विड्या बांधी, आणि शाळेस येत नसे. हे त्याने कोणास सांगितले नाही, कारण आजीची दृष्टी गेल्याचे ठेकेदारास कळले तर काम सुटेल ही धास्ती होती.

त्या मुलास आम्ही पुस्तके दिली असती, तांदूळ पाठविले असते, वर्गात चार शब्द सांगितले असते. त्यांपैकी कशानेही त्याचे बाक भरले नसते. पुढल्या आठवड्यात आमच्या पत्नीने आजीस गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नेले. मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटेपर्यंत दोन घरच्या शेजारणींनी भाकरी पुरविली, आणि त्या दोघीही ख्रिस्ती नव्हत्या. डोळे उघडल्यावर आजीने आमच्या मुलीस जवळ घेऊन तिचे तोंड न्याहाळले व म्हणाली, “आवाजावरून मला वाटलं होतं, तू याहून मोठी असशील.” महिनाभरात मुलगा वर्गात आला. मजुरी मात्र आहे तेवढीच आहे. तेथे दयेचे काम संपते आणि न्यायाचे बाकी राहते, ही ओझानामांची गोष्ट त्या दिवशी आम्हांस नीट कळली.

त्या दिवसापासून आमच्या घरी महिन्यातील दोन रविवार अशा भेटींचे, आणि दोन केवळ घरचे, असा नेम ठरला. हा हिशेब पत्नीने घालून दिला आहे आणि तो आम्ही मोडीत नाही. वृद्ध धर्मगुरूंनी लग्नानंतर समजेल म्हणून जे म्हटले होते, ते हेच असावे.

विद्यार्थीमित्रहो, 9 सप्टेंबर हा धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम ह्यांचा स्मरणदिन आहे. त्या दिवशी त्यांच्या तसबिरीस हार घालावा असे आमचे सांगणे नाही. तुमच्या वर्गात जे बाक काही दिवस रिकामे आहे, ते कोणाचे हे पाहा. सोबत एक मित्र घ्या, घरी सांगून निघा, आणि त्या घरी जा. हातात काही असो वा नसो. दारात उभे राहून नमस्कार करा, बसा म्हटले तर बसा, आणि आधी ऐका. पुढे तुम्ही गिरणीत जाल, शेतात जाल, कचेरीत जाल, कोणी आमच्यासारखे शिक्षक व्हाल; तुमची लग्ने होतील, लेकरे होतील. तेव्हा सेवेसाठी घर सोडावे लागत नाही, घरच्यांस सोबत घ्यावे लागते, एवढी ह्या एका गृहस्थाची शिकवण तुमच्या स्मरणात राहो, आणि ती आचरण्याचे बळ परमेश्वर तुम्हांआम्हां सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.